सागरापलीकडचें सासर

मुलीची पाठवणी हा प्रसंग महाराष्ट्रांतील घरांना नवा नाहीं. पूर्वीं ती बैलगाडींतून होई, पुढें आगगाडीनें होऊं लागली, आणि दोन्ही वेळां घरच्या माणसांच्या डोळ्यांना पाणी येई तें मुलगी दूर निघाली म्हणून. लग्न होऊन जिला अमेरिकेस जावयाचें आहे, तिच्या घरीं हल्लीं निराळाच प्रकार दिसतो. लग्न लागतें, सत्यनारायण होतो, रजा संपली म्हणून जांवई विमानांत बसतो, आणि मुलगी माहेरींच राहते. शेजारणी पहिल्या महिन्यांत कौतुकानें विचारतात, सहाव्या महिन्यांत काळजीनें विचारतात, आणि वर्ष उलटलें म्हणजे विचारीनाशा होतात. हें न विचारणें आईबापांना अधिक लागतें.

ह्या विलंबाचें मूळ वधूवरांच्या पत्रिकेंत नसून अमेरिकेच्या स्थलांतराच्या कायद्यांत असतें. महाराष्ट्रांत जिला घरची लेक म्हणतात, तीच त्या कायद्याच्या लेखीं एका अमेरिकावासी गृहस्थाची परदेशी पत्नी. तिला आंत घ्यावें कीं न घ्यावें, हें ठरविण्याचा अधिकार त्या राष्ट्राचा. पतीच्या हातीं फक्त अर्ज. म्हणून पहिला प्रश्न हा कीं, हा पति त्या देशांत कोण आहे? स्थळ पाहतांना पगार, घर, मोटार यांची चौकशी बारकाईनें होते, हा प्रश्न मात्र पुष्कळदां कोणी विचारीतच नाहीं. ‘मुलगा अमेरिकेंत असतो’ एवढ्यावर समाधान मानलें जातें. वास्तविक तो तेथील नागरिक असेल तर त्याच्या पत्नीस संख्येची मर्यादा लागूं नाहीं. कागद तपासण्यास लागेल तेवढाच वेळ जावयाचा. तो नागरिक नसून केवळ कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे सर्वजण ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात तें, बाळगणारा असेल, तर त्याच्या पत्नीची गणना मर्यादित संख्येच्या वर्गांत होते, आणि तेथें रांग असते. ही रांग कोठवर सरकली हें अमेरिकेचें परराष्ट्रखातें दर महिन्यास पत्रक काढून जाहीर करतें. आणि तो नोकरीपुरत्या परवान्यावर गेलेला असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेली म्हणून पत्नीस लौकर जातां येतें खरें, परंतु तिला स्वतः नोकरी करण्याची मुभा सरसकट नसते. शिकलेल्या मुलींचा तेथें कोंडमारा होतो तो ह्यामुळें. तीन जांवई एकाच शहरांत राहणारे असले, तरी तीन मुलींच्या नशिबीं तीन तऱ्हा येऊं शकतात.

नागरिक पतीचा मार्ग साधारणतः असा आहे. त्यानें प्रथम तेथील नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे विनंति-अर्ज करावयाचा. नातें मान्य झालें म्हणजे कागद न्यू हॅम्पशायर संस्थानांतील पोर्ट्‌स्मथ येथील राष्ट्रीय व्हिसा केंद्रांत जातात. तेथें शुल्क आणि दाखले पोंचते झाले कीं मुलाखतीची पाळी येते, आणि ती मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील अमेरिकन वकिलातींत होते. तत्पूर्वीं नेमलेल्या डॉक्टरांकडून शरीरतपासणी व लसटोचणी, आणि पोलिसांकडे कांहीं गुन्हा नोंद नाहीं असा पासपोर्ट कचेरीचा दाखला.

ह्या वाटेवर मराठी कुटुंबें अडखळतात तीं बहुधा नांवापायीं. मुलगी जन्मते तेव्हां नगरपालिकेकडे नोंद लगेच जाते, आणि बारसें होतें बाराव्या दिवशीं. म्हणून पुष्कळ जुन्या नोंदींत नांवाची जागा कोरीच राहिलेली असते. पुढें शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आधीं आडनांव, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें, असा क्रम येतो. परका अधिकारी त्यांतील शेवटल्या शब्दास आडनांव समजतो, आणि वडिलांचें पाळण्यांतलें नांव हेंच मुलीचें आडनांव होऊन बसतें. मग येतें लग्न. ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें नवें नांव लिहावयाचें, हा विधि मोठा गोड खरा, परंतु जेथें तो पाळतात तेथें तिचें नांव, मधलें नांव आणि आडनांव अशीं तिन्ही एका क्षणांत बदलतात. जन्माच्या दाखल्यावर एक मुलगी, पासपोर्टावर दुसरी, विवाहाच्या दाखल्यावर तिसरी. आणि ह्या तिघी एकच आहेत हें सिद्ध करण्याचा भार त्या तिघींवरच! नांव तांदळांत खुशाल लिहावें. तें सरकारी कागदावर चढविण्यापूर्वीं मात्र घरांतील जाणत्यांनीं सारे दाखले ओळीनें मांडून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावें. कोऱ्या जागेंत नांव भरून घेतां येईल काय, याची नगरपालिकेकडे चौकशी करावी. नोंदच सांपडत नसेल तर तसा दाखला मागून घ्यावा आणि त्यास आईवडिलांचें किंवा जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातलगांचें प्रतिज्ञापत्र जोडावें.

विवाहाची नोंदणी महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्यान्वयें होते. तिच्या अर्जावर वधूवरांच्या व तिघां साक्षीदारांच्या जोडीला लग्न लावणाऱ्या भटजींचीहि सही लागते. भटजीबोवा दक्षिणा घेऊन पुढच्या मुहूर्ताला गेले कीं त्यांना सहीसाठीं हुडकीत हिंडणें हा वधूपित्याचा एक स्वतंत्र उद्योग होतो. ती सही मांडवांतच घेतलेली बरी.

मुलाखतीची धास्ती मुली उगीच घेतात. अधिकाऱ्यापुढें उजवा हात वर करून शपथ घ्यावयाची आणि विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर द्यावयाचें. त्याला पाहावयाचें असतें तें एवढेंच कीं, हें लग्न संसारासाठीं झालें आहे कीं परवान्यासाठीं. वडिलांनीं ठरविलेलें लग्न हा त्याच्या लेखीं दोष नव्हे. मुंबईच्या खिडकीशीं बसणाऱ्यांना तो प्रकार ठाऊक असतो. संशय येतो तो मुलीच्या अज्ञानानें. नवरा कोणतें काम करतो, कोणाबरोबर राहतो, त्याचा आधीं घटस्फोट झाला होता काय, हें जिला सांगतां येत नाहीं तिची पंचाईत होते. आणि हें पत्नीस ठाऊक असावें, ही अपेक्षा अधिकाऱ्याचीच कशाला, कोणाचीहि असावी. लग्नांतील पन्नास छायाचित्रांपेक्षां लग्नानंतरचा नित्याचा पत्रव्यवहार, दूरध्वनीचीं बिलें, एकमेकांना भेटण्यासाठीं केलेला प्रवास ह्यांना वजन अधिक. पाठ केलेलीं उत्तरें ओळखूं येतात. खोटें उत्तर तर फार महाग पडतें. महत्त्वाच्या गोष्टींत खोटें बोलून परवाना मिळवूं पाहणाऱ्यास, माफी मिळाली नाहीं तर, त्या देशाचें दार जन्मभर बंद राहूं शकतें. ‘तूर्त प्रवासी म्हणून जा, मग तेथेंच राहूं’ असा सल्ला देणारा एखादा अनुभवी मामा प्रत्येक कुळांत असतो. त्याचें न ऐकण्यांत शहाणपण आहे.

पतीवरहि एक बंधन येतें, आणि तें सही करणाऱ्यांपैकीं कित्येकांना नीट कळलेलें नसतें. सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी आपलें उत्पन्न असून पत्नीच्या पोषणाची जबाबदारी आपली, असें त्याला लिहून द्यावें लागतें. १९९६ च्या कायद्यानें हें लेखन न्यायालयांत बजावतां येईल असें केलें. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांची नोकरी तिच्या खातीं जमेपर्यंत तें टिकतें. घटस्फोट झाला तरी तें सुटत नाहीं.

ही दगदग ऐकून आजचा काळ कठीण असें वाटेल. मागची स्थिति पाहिली म्हणजे तसें म्हणवत नाहीं. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, हिंदी मनुष्य त्या कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे, सबब तो नागरिक होण्यास अपात्र. थिंद हे पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्याच सैन्यांत होते. त्याआधीं एकच वर्ष, १९२२ सालीं, तेथील स्त्रियांसाठीं एक सुधारणेचा कायदा झाला होता: परकीयाशीं विवाह केल्यानें अमेरिकन स्त्रीचें नागरिकत्व आपोआप जाऊं नये. त्यांत अपवाद ठेविला होता तो नेमका नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयाच्या पत्नीचा. तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी ह्या जन्मानें अमेरिकन. पति हिंदी, म्हणून त्यांचें नागरिकत्व गेलें. ती कलमबंदी १९३१ त उठली. हिंदी लोकांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला १९४६ सालीं, आणि त्याच कायद्यानें वर्षाला शंभर हिंदी लोकांना प्रवेश दिला. साऱ्या खंडतुल्य देशांतून शंभर! वंश आणि देश पाहून वाटे घालण्याची ती पद्धति १९६५ त मोडली, आणि त्यानंतरच मराठी घरांतून ही नवी पाठवणी सुरूं झाली.

तरीहि पतिपत्नीचें नातें हें राष्ट्राच्या दारापुढें किती दुबळें ठरतें, हें एलेन नॉफ यांच्या गोष्टींत दिसतें. ह्या बाई जर्मनींत जन्मलेल्या. हिटलरच्या अमलाला कंटाळून त्या प्राग येथें आणि तेथून १९३९ सालीं इंग्लंडला गेल्या, युद्धांत ब्रिटिश विमानदलांत त्यांनीं काम केलें, आणि युद्धानंतर जर्मनींत अमेरिकन युद्धखात्याच्या नोकरींत असतांना १९४८ सालीं त्यांनीं कुर्ट नॉफ ह्या अमेरिकन नागरिकाशीं विवाह केला. कुर्ट हे अमेरिकन सैन्यांतून सन्मानानें निवृत्त झालेले. सैनिकांच्या पत्नींना सुलभ प्रवेश देणारा १९४५ चा कायदा तेव्हां अमलांत होता, आणि त्याच्या भरंवशावर त्याच वर्षाच्या ऑगस्टांत त्या न्यूयॉर्कच्या बंदरीं उतरल्या. त्यांना एलिस बेटावर अडकवून ठेवण्यांत आलें. कारण गुप्त, सुनावणी नाहीं. १९५० च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं सरकारचा हा अधिकार उचलून धरला. मेमध्यें त्यांना परत धाडण्याची तयारी झाली, तेव्हां न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं अगदीं अखेरच्या घटकेस स्थगिति दिली. पुढें १९५१ सालीं एकदांची चौकशी झाली, आरोपांस सबळ पुरावा नाहीं असें वरिष्ठ मंडळानें ठरविलें, आणि त्या नोव्हेंबरांत बाई देशांत आल्या. समोर न्यूयॉर्कचे मनोरे दिसत असतां तिथें रीतसर प्रवेश मिळण्यास तीन वर्षांवर काळ लागला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०२४ च्या जूनमध्यें मूनोझ खटल्यांत त्याच न्यायालयानें नॉफ निकालाचा आधार घेऊन सांगितलें कीं, परदेशी जोडीदारास देशांत आणणें हा नागरिकाचा घटनेनें रक्षिलेला मूलभूत हक्क नव्हे. तेथें पत्नी अमेरिकन, पति एल साल्वादोरचा. त्याच्या अंगावरील गोंदण गुंडांच्या टोळीचें असल्याचा संशय सरकारास आला होता, आणि तें तसें नाहीं असें तीं दोघें सांगत होतीं. विवाह २०१० चा. तेव्हां वकिलातीच्या खिडकीवर मिळणारा नकार पुष्कळअंशीं शेवटचाच असतो, हें जाणून कागद पहिल्या वेळींच चोख करावे.

विमान उतरलें म्हणजे सर्व संपलें असेंहि नाहीं. प्रवेशाच्या दिवशीं लग्नाला दोन वर्षें झालेलीं नसतील, तर १९८६ च्या कायद्याप्रमाणें पत्नीस मिळणारा वास्तव्याचा परवाना दोन वर्षांपुरता आणि सशर्त असतो. ती मुदत संपण्याच्या आधींच्या नव्वद दिवसांत दोघांनीं मिळून अर्ज करावयाचा असतो. ह्या ‘दोघांनीं मिळून’ ह्या शब्दांचा धाक घालून बायकोला छळणारे नवरे निघतात. ‘सही करणार नाहीं, परत जावें लागेल’ असें तिला ऐकविलें जातें, आणि परक्या मुलुखांत तिला तें खरें वाटतें. तें खरें नाहीं. मारहाण किंवा क्रूर वागणूक होत असेल, अथवा प्रामाणिकपणें केलेलें लग्न मोडलें असेल, तर तिला एकटीला अर्ज करतां येतो, आणि त्यासाठीं नव्वद दिवसांची वाटहि पाहावी लागत नाहीं. मात्र एकत्र संसाराचा पुरावा तिच्याजवळ पाहिजे: दोघांच्या नांवचें बँकेचें खातें, घरभाड्याचा करार, विम्याचे कागद, डॉक्टरांचे वा पोलिसांचे दाखले. हे कागद सहसा नवऱ्याच्या कपाटांत असतात. मुलीच्या पेटींत पैठणीच्या घडीखालीं तिच्या स्वतःच्या सर्व दाखल्यांच्या नकला आईनें ठेवाव्या, आणि पुढें तेथें जमेल त्या प्रत्येक कागदाची एक नकल माहेरीं येत राहील असें पाठवणीपूर्वींच तिच्याशीं ठरवून घ्यावें.