केकस्पर्धेच्या बक्षीस-समारंभांतील भाषण



ज्युबिलीनिमित्त आपल्या सावेडीच्या धर्मग्रामांत कुटुंबवार केकस्पर्धा ठेवावी, असें सुचविण्यांत आलें तेव्हां आम्ही नाखूष होतों. श्रीमंताघरची सजावट तेवढी चमकेल व गरिबाचें मन खट्टू होईल, अशी आम्हांस भीति वाटली. म्हणून सर्वांस विषय एकच दिला : बेथलेहेमची गव्हाणी. संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं ग्रेच्चो गांवीं गवत, बैल व गाढव आणून गव्हाणी मांडली, ती प्रभूचें दारिद्र्य लोकांस डोळ्यांनीं दिसावें म्हणूनच.

आज येथें पुष्कळ सुंदर केक आहेत. परंतु एका घरच्या गुहेचें छत येथें आणतांना वाटेंत खचलें. त्या घरांतील बापलेकांचा कित्येक महिने अबोला होता. त्यांच्या संमतीनेंच हें सांगतों. छत सांवरतांना मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही धरा, मी पाक लावतों.” तें छत अजून वांकडेंच आहे. नियमाप्रमाणें त्यास बक्षीस मिळालें नाहीं, आणि आम्हींही परीक्षकांकडे रदबदली केली नाहीं.

पन्नासाव्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या कुळाकडे परत जावें, असें लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत सांगितलें आहे. ज्युबिलीचा मूळ अर्थ हाच. तेव्हां घरीं केक कापाल तेव्हां पहिला तुकडा, ज्याच्याशीं अबोला असेल त्याच्या हातीं द्या.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.