कुपीवर लिहिलेले आणि कुपीत असलेले



जयपुरात मराठीतून बोलायला उभा राहिलो आणि जगन्नाथ सम्राटांची आठवण झाली. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले हे पंडित परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. युक्लिडची भूमिती त्यांनी 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. त्यांच्या राजाचे लहान पितळी यंत्रांवर समाधान होत नसे. त्या यंत्रांचे आस झिजत, मापे सरकत. म्हणून इथली यंत्रे दगडचुन्यात उभी राहिली. काल संध्याकाळी त्यांतल्या सम्राट यंत्रापाशी उभा होतो आणि साधनावर किती विसंबावे या प्रश्नासरशी मनात आमच्या फ्रीजरमधली एक कुपी घोळत होती.

लेबलवर लिहिले होते: 'मानवी प्रथिन, पुनर्संयोजित, शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक, फक्त संशोधनासाठी.' कृती आपणा सर्वांना पाठ आहे. माणसाचे जनुक प्लाझ्मिडात बसवून ई. कोलायमध्ये घालायचे, जिवाणू वाढवून फोडायचे. सहा हिस्टिडीनांची शेपटी निकेलच्या कॉलमला धरून राहते, बाकीचे धुऊन जाते. जेलवर एकच निळा पट्टा दिसला की आपण खूश. पण तो निळा रंग प्रथिनालाच चढतो. ई. कोलायच्या बाह्य आवरणातले एंडोटॉक्सिन बरोबर आले असेल, तर जेलवर त्याचा मागमूस नसतो. मॅक्रोफेज पेशींना मात्र ते अत्यल्प मात्रेतही कळते.

मानवी एचएसपी ७० हे प्रथिन मॅक्रोफेज पेशींना चेतवते आणि त्या टीएनएफ-अल्फा स्रवतात, असे सांगणारे शोधनिबंध बरीच वर्षे छापून येत होते. २००३ मध्ये गाओ आणि त्सान यांनी एंडोटॉक्सिन जवळजवळ नसलेले प्रथिन घेऊन तोच प्रयोग केला. पेशी स्वस्थ राहिल्या.

माझ्याही हातून अशीच गफलत झाली आहे. विकत घेतलेल्या एका कुपीवर आम्ही आठ महिने घालवले. शेवटी एका विद्यार्थिनीने प्रथिन थोडा वेळ उकळून पेशींवर घातले, आणि परिणाम तसाच राहिला! उकळीने प्रथिन मोडते, एंडोटॉक्सिन टिकते; म्हणजे परिणाम प्रथिनाचा नव्हताच. आठ महिन्यांचे आलेख गेले. उकळीचा तो आलेख मी तिला प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात घालायला लावला. पण नुसत्या उकळीवरही विसंबू नका. फार वेळ उकळले तर थोडके एंडोटॉक्सिनही निष्प्रभ होते. 'परिणाम गेला, म्हणजे तो प्रथिनाचाच होता' असे मानून कितीतरी जण फसले. शेवटी मोजावेच लागते.

औषधाची गोष्ट वेगळी. १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले मानवी इन्सुलिन असो की २००३ मध्ये आपल्या बाजारात आलेले वोक्हार्टचे वोसुलिन, ते रुग्णाच्या अंगात जाते, म्हणून बॅच तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. संशोधनाच्या कुपीवर तेवढा पहारा नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच. निबंधात कंपनीचे नाव आणि कॅटलॉग क्रमांक लिहून थांबू नका. बॅच क्रमांक लिहा, स्वतः मोजलेले एंडोटॉक्सिन लिहा. लहान महाविद्यालयांना हा खर्च झेपत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी या महाविद्यालयांचे नमुने मोजून द्यावेत. आमची प्रयोगशाळा आजपासून हे काम विनामूल्य करील. नमुने बर्फात घालून पाठवा. आठवड्याभरात आकडा कळवू.