महाविद्यालयात मुले धाडणाऱ्या पालकांस
(गोडदेव, भाईंदर पूर्व येथे पालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांना उपदेश करण्यासाठी मला बोलावले असते तर मी बहुधा आलो नसतो. मुलांना उपदेश करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जयंतीच्या मंडपात तर त्यांची दाटीच असते. मूल महाविद्यालयात गेल्यावर आईबापांनी काय करावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मूल बारावी झाले की आपले काम संपले, आता फक्त फी भरावयाची, असा आपणांपैकी पुष्कळांचा समज असतो. वकिलीच्या धंद्यात माझ्याकडे जे पालक येतात त्यांच्याकडे पाहून मला असे दिसून आले आहे की, खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते आणि ती प्रत्येक घर एकटे एकटे देत असते. शेजारच्या खोलीतही तीच अडचण असते. पण भिंतीपलीकडे कोणी बोलत नाही.

आपल्या पूर्वजांचा रिवाज असा नव्हता. सुभेदार रामजी सकपाळ परळच्या चाळीत राहत होते. पेन्शन तुटपुंजी आणि घरात वाचनाचे वेड लागलेला मुलगा. भीमरावांना पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला की वृद्ध सुभेदार आपल्या धाकट्या विवाहित मुलीकडे उसने मागावयास जात. तेथे जमले नाही तर थोरलीकडे. तिच्यापाशीही रोख नसली तर ती अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून मुलीस परत केला जाई. ही हकीगत खुद्द बाबासाहेबांनीच सांगितलेली आहे. सासरी नांदणाऱ्या बाईने दागिना काढून देणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या भगिनींना मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी मध्ये पडले, श्रीमंत सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. त्या पदवीमागे बाप होता, दोन बहिणी होत्या आणि नात्यागोत्याचा नसलेला एक शिक्षक होता. सातारच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटाला घालण्यासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले; ती तर सारी दुसऱ्यांची मुले होती.

आता आपल्या गोडदेवाकडे वळू. येथील पुष्कळ कुटुंबे कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेली आहेत. स्थलांतर केलेल्या कुटुंबावर मुलाच्या प्रवेशाच्या वेळी जे संकट येते ते कागदाचे असते. अनुसूचित जातीचा दाखला मिळविण्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले पूर्वज कोठे राहत होते याचा पुरावा लागतो आणि दाखलाही त्या मूळ ठिकाणच्या अधिकाऱ्याकडूनच घ्यावा लागतो. त्यानंतर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. आपल्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे. १९५६ नंतर आपण अभिमानाने शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे लिहिले, ते योग्यच केले. परंतु अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना कायद्याने मिळाल्या त्या १९९० साली. म्हणून आजोबांच्या दाखल्यावर जुनी जात, वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरेच काही, अशी तीन पिढ्यांची तीन कागदपत्रे एकमेकांशी जुळवून दाखवावी लागतात. हे काम जून महिन्यात आठ दिवसांत होत नाही. मूल अकरावीत असतानाच त्यास हात घालावा लागतो.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगतो. वडिलांच्या किंवा सख्ख्या चुलत्याच्या घरी वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर दुसऱ्याचे काम पुष्कळ सुकर होते. पण भावाभावांत गावच्या घरावरून वा दोन गुंठे जमिनीवरून वाद असतो आणि काका प्रमाणपत्राची प्रत देत नाही. असे मी पाहिलेले आहे. त्या काकांनी जमिनीचा दावा खुशाल शेवटपर्यंत लढवावा, तो त्यांचा हक्क आहे. मात्र पुतण्याच्या प्रवेशाचा कागद अडवून धरण्यात कोणताही हक्क नाही. उलट, एकाच तालुक्यातील चार कुटुंबे येथे असतील आणि त्यांपैकी एकजण गावी निघाला असेल, तर त्याने चारही घरांचे अर्ज बरोबर न्यावेत, शाळेच्या जुन्या नोंदवहीतील उतारे व कोतवाल बुकाची नक्कल यांची चौकशी करून यावे. बाकी तिघांची चार दिवसांची मजुरी वाचते.

दुसरी बाब पैशाची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना ती मिळते, अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. परंतु ती येते केव्हा? वर्ष सरत आले तरी कित्येकदा खाते रिकामेच असते. दरम्यान पुस्तके, रेल्वेचा पास, परीक्षेचा अर्ज हे थांबत नाहीत, आणि महाविद्यालयाच्या कचेरीतला कारकून मुलाला खिडकीवर दर आठवड्याला विचारतो. मुलगा घरी सांगत नाही; बापाकडे पैसे नाहीत हे त्याला ठाऊक असते. मग तो वर्गात जाणे कमी करतो. वडिलांना वाटते मुलगा बिघडला.

या चार-सहा महिन्यांच्या खिंडीसाठी सावकाराचे दार ठोठावण्याचे कारण नाही. आपल्या भगिनी भिशी चालवितात. तिचा हिशेब आम्हा वकिलांच्या वह्यांपेक्षा चोख असतो, हे मी थट्टेने म्हणत नाही. त्याच पद्धतीची एक भिशी केवळ महाविद्यालयीन खर्चासाठी काढावी, तीही त्यांच्याच हाती ठेवावी. पैसे द्यावेत ते शिष्यवृत्ती येईपर्यंत. वहीत सही घ्यावी. आणि व्याज एक पैसाही घेऊ नये. व्याज घेऊ लागलात की २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि मग मला वेगळ्या कामासाठी यावे लागेल.

मुलगी शिकत असेल तर आणखी एक अडचण असते, आणि तिच्यापायी पुष्कळ मुलींचे शिक्षण बंद पडते. बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत फोर्ट भागात आहे. भाईंदरहून तेथे जावयाचे म्हणजे चर्चगेटपर्यंतचा प्रवास. सकाळी विरारच्या गाडीत येथील माणसाला दारात पाय ठेवू देत नाहीत, हे आपण सर्व जाणताच. संध्याकाळी प्रयोगशाळा वा ग्रंथालय आटोपून मुलीस परतावयास रात्र होते. आई म्हणते, रात्री स्टेशनावरून एकटी कशी येणार? प्रश्न रास्त आहे, पण मुलीचे ग्रंथालय बंद करणे हे त्याचे उत्तर नव्हे. एका वस्तीत पाच मुली महाविद्यालयात जात असतील तर पाच घरे आहेत. आठवड्याच्या पाच रात्री पाळीपाळीने कोणातरी एका घरच्या माणसाने स्टेशनावर उभे राहणे अशक्य आहे काय? वडिलांची रात्रपाळी असेल तर आईने जावे, नाहीतर भावाने. भावांना याचा कंटाळा येतो, हेही मला ठाऊक आहे.

आता सर्वांत गंभीर विषयाकडे येतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या विद्यार्थ्याने आपले जीवन संपविले. २२ मे २०१९ रोजी मुंबईत, नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा तसाच अंत झाला. एक माता आंध्रची, दुसरी जळगावकडील तडवी आदिवासी मुस्लिम समाजातील. भाषा निराळी, धर्म निराळा. राधिका वेमुला यांनी १४ एप्रिल २०१६ रोजी दादर येथे बौद्ध धम्म स्वीकारला. २०१९ साली या दोन माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, यांनी एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेल्या नियमांची अंमलबजावणी व्हावी, ही त्यांची मागणी होती. पाच वर्षांहून अधिक काळ त्या थांबल्या. २०२५ साली न्यायालयाने आयोगाकडे विचारणा केली, की अशा किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले.

स्वतःचे मूल गेल्यावर या दोघींनी तुमच्या-आमच्या मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढली. तुमचे मूल घरी येऊन जेवते आहे तोवरच तुम्ही शेजारच्या मुलासाठी महाविद्यालयाची पायरी चढावी, एवढेच माझे मागणे आहे. कायदा यासाठी अनुकूल आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार विद्यार्थ्याप्रमाणेच त्याचे पालकही लेखी तक्रार करू शकतात, आणि संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. त्याने तक्रारीकडे दुर्लक्ष केले तर त्या अपराधास साहाय्य केल्याचे त्याच्यावर येते. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि एकट्याने जाऊ नका. कामाचा खाडा करून आलेला, इंग्रजी न येणारा एकटा बाप साहेबाच्या टेबलासमोर उभा असला की त्याला 'उद्या या' म्हणणे सोपे असते. तिघे उभे असले आणि त्यांतला एक लिहून घेत असला तर ते तितके सोपे राहत नाही.

त्याआधी मुलाने सांगितले पाहिजे. मूल आपल्या आईबापांना जे सांगत नाही ते शेजारच्या मावशीला कधीकधी सांगते. मावशींनी ते चहाडी म्हणून गल्लीत फिरवू नये आणि गुपित म्हणून पोटातही ठेवू नये; आईच्या कानावर हलकेच घालावे. तसेच कोणाचा मुलगा नापास झाला असता 'माझा बघा' असे बोलण्याचा मोह आवरावा. ज्यांची मुले एकदा नापास होऊन पुढे पदवीधर झाली आहेत, अशी घरे या वस्तीत असतील. त्यांनी त्या संध्याकाळी त्या घरी जाऊन बसावे. काही बोलले नाही तरी चालेल.

येत्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर ज्यांच्या घरी अकरावी-बारावीचे मूल आहे त्यांनी आजोबांचा, वडिलांचा व मुलाचा असे तिघांचे शाळा सोडल्याचे दाखले घेऊन यावे. मूळ प्रती आणू नयेत, झेरॉक्स आणाव्यात. ज्यांच्या मुलांची पडताळणी झालेली आहे त्यांनीही यावे. त्यांचे काम अधिक आहे. मी सात वाजल्यापासून बसेन.