फुलं नकोत, पण दीदीला कळवा



आज बोलायचा विषय घरात कुणी काढला की 'कशाला अभद्र बोलता' म्हणून गप्प केलं जातं. आपण गेल्यावर आपल्या देहाचं काय करायचं, हा तो विषय. विधी नाही, गर्दी नाही, भाषणं नाहीत, साधं दहन. असं ठरवणारी माणसं आता बरीच आहेत. मीही त्यातलाच. पण ठरवणं सोपं आहे आणि नीट ठरवणं अवघड, हे मला उशिरा कळलं.

आपण बसलोय ते एस्प्लनेडला. जवळच ट्राम डेपो, शहीद मिनार, आणि मैदान ओलांडलं की फोर्ट विल्यम. त्याला आता विजयदुर्ग म्हणतात, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून. तिथे पूर्व कमांडच्या मुख्यालयात मी नोकरीची शेवटची वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर याच शहरात राहिलो.

फौजेत अंत्यसंस्कार खूप पाहिले. 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो, बंदुका उलट्या होतात, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजतं. तरुण पोरगा शहीद झालेला असतो तेव्हा त्या सोहळ्याचा त्याच्या आईवडिलांना आधार होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे सोहळा वाईट, असं मी म्हणणार नाही. पण अंथरुणात, वय झाल्यावर जाणाऱ्या माझ्यासारख्याला त्याची गरज नाही, एवढंच.

माझा एक बंगाली मित्र होता. एकाच पलटणीत होतो. निवृत्तीनंतर दर शनिवारी आम्ही इथेच कोपऱ्यावर, के. सी. दासच्या दुकानात भेटायचो. नाटकाचं त्याला वेड. शंभू मित्र त्याचं दैवत. १९९७ च्या मे महिन्यात शंभू मित्र गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे सिरिटीच्या स्मशानात गुपचूप दहन झालं आणि मग लोकांना कळलं. त्यांची मुलगी शाँवली मित्र, तीही मोठी नटी. १६ जानेवारी २०२२ ला ती गेली. तिनेही तसंच लिहून ठेवलं होतं आणि तसंच झालं. माझ्या मित्राला हे फार भावलं.

तो म्हणायचा, "आमच्या रवींद्रनाथांचं काय झालं बघ." ७ ऑगस्ट १९४१. कवीची इच्छा शांतिनिकेतनात, शांतपणे जाण्याची. प्रत्यक्षात कलकत्त्याच्या रस्त्यावर लाखाची गर्दी उसळली, आठवण म्हणून लोकांनी दाढीचे केस उपटले. मुलगा रथींद्रनाथ गर्दीमुळे निमतल्याला चितेपर्यंत पोचूच शकला नाही. एवढ्या मोठ्या माणसाची इच्छा राहिली, कारण त्या दिवशी ती अमलात आणायला कुणी खंबीर उभं नव्हतं.

म्हणून एका शनिवारी त्याने माझ्या हातात पाकीट ठेवलं. आत चार ओळी. विजेच्या भट्टीत दहन. फुलं, बिगुल, पुरोहित, श्राद्ध, जेवण काही नको. सगळं आटोपल्यावर लोकांना सांग. खाली सही. म्हणाला, "तू हुकूम पाळणारा माणूस आहेस, म्हणून तुला देतोय."

दोन वर्षांनी तो पहाटे झोपेतच गेला. बायको आधीच गेलेली. मुलगा कॅनडात. मी फोन केला तर तो म्हणाला, "काका, बाबांनी लिहिलंय तसंच करा." डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला दिला. शववाहिनी बोलावली. आम्ही तिघंच होतो. निमतल्याला खिडकीवर दाखला आणि ओळखपत्रं दाखवली, नोंद झाली. तासाभरात मातीच्या भांड्यात अस्थी हातात आल्या. गंगा तिथेच. त्याही सोडल्या. दुपारी साडेबाराला सगळं संपलं. खरं सांगतो, मला समाधान वाटत होतं. हुकूम तंतोतंत पाळला होता.

मग फोन करायला बसलो. पहिला फोन त्याच्या थोरल्या बहिणीला. दीदी तेव्हा ८१ वर्षांची. राहते भवानीपूरला, एस्प्लनेडहून मेट्रोची चार स्टेशनं. मी सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "अस्थी तरी आहेत ना?" मी म्हटलं, "नाही दीदी." ती म्हणाली, "हुकूम तुला होता. मला नव्हता. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय."

मित्रहो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तेव्हापासून मी याचा विचार करतोय. मृणाल सेन ३० डिसेंबर २०१८ ला गेले. त्यांनीही सांगून ठेवलं होतं की फुलं नकोत, हार नकोत, लोकांच्या दर्शनासाठी देह ठेवायचा नाही. पण अमेरिकेतून मुलगा येईपर्यंत घरच्यांनी थांबून घेतलं. १ जानेवारीला जवळची माणसं मुकाट्याने केवडातल्याच्या स्मशानापर्यंत चालत गेली. हेही साधंच. पण इथे मागे राहिलेल्यांना निरोप घेता आला. साधेपणा आणि गुप्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मित्राने आणि मी त्या एकच समजलो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना देहदान करायचं होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, शवविच्छेदन करावं लागलं, त्यामुळे देहदान शक्य झालं नाही. घरच्यांनी साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीशिवाय दहन केलं, अग्नी मुलीने दिला आणि रक्षा शेतात पसरली. कागदावरचं शब्दशः जमलं नाही, तरी घरच्यांना त्यांचं मन ठाऊक होतं, म्हणून अडलं नाही. आधी मोकळेपणाने बोलणं झालेलं असलं की असं होतं.

आता कामाचं सांगतो. दहनासाठी विधी सक्तीचा आहे असा कायदा नाही. लागतो तो डॉक्टरांचा दाखला आणि ओळखीचे कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच. देहदान करायचं असेल तर अर्ज आधी भरा, पण लक्षात ठेवा, शेवटी देह सुपूर्द घरचेच करतात. त्यांचं मन नसेल तर तुमचा अर्ज फायलीतच राहतो. आणि ही इच्छा फक्त मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र बहुतेक घरांत दिवस झाल्यावरच उघडतं. वेगळं, एका पानाचं पत्र करा आणि देहदान जमलं नाही तर काय करायचं तेही त्यात लिहा.

माझंही पत्र होतं, अगदी मित्रासारखं. दीदीच्या फोननंतर मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं ठीक आहे हो, तुम्ही सुटाल. उद्या दारात तुमची बहीण उभी राहिली तर मी तिला काय सांगू?"

मी पत्र फाडलं आणि नवं लिहिलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला देहाचा. विजेची भट्टी, पुरोहित नाही, पुष्पचक्र नाही, तेरावं नाही. तो भाग माझा आहे आणि त्यावर मी ठाम आहे. दुसरा भाग माणसांचा. घरातून नेण्याआधी पाच जणांना फोन करायचे आणि त्यांना येण्याइतका वेळ द्यायचा. बायकोला दिवा लावावासा वाटला तर लावावा. बहिणीला हरिपाठ म्हणायचा असेल तर म्हणू द्यावा. माझा विश्वास नाही, पण तिचा आहे, आणि त्या वेळी रडणार आहे ती. अस्थींचं काय करायचं ते दुसऱ्या दिवशी बसून ठरवावं. घाई नको.

हे पत्र मी बायको, मुलगी आणि जावई यांना समोर बसवून वाचून दाखवलं. मुलगी उठून आत गेली, परत आली आणि दोन शंका विचारल्या. दोन्ही बरोबर होत्या. मी दुरुस्ती केली.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. येत्या रविवारी एक पान लिहा. विधी हवा असेल तर हवा लिहा, नको असेल तर नको लिहा. पण ज्याला ते पाळायचं आहे त्याच्यासमोर मोठ्याने वाचा आणि त्याचा चेहरा बघा. तुमचा हुकूम कुणाच्या वाट्याला काय ठेवतोय, ते तिथे दिसेल.

दीदी आता ८४ वर्षांची आहे. महिन्यातून एकदा मी भवानीपूरला जातो. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही, चहा करते. माझ्या पाच फोनांच्या यादीत पहिला नंबर तिचा आहे.