दोन विमानतळांमधील अंतर



दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर किती आणि तें तोडावयास वेळ किती, हा हिशेब वरवर पाहतां प्राथमिक शाळेंतल्या मुलाचा वाटतो. तो मीं स्वतः कसा चुकविला, तें आज प्रांजळपणें सांगणार आहें.

दोन वर्षांपूर्वीं ऐन थंडींत आमची धाकटी मुलगी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस विमानानें निघाली. पहाटे चारला निघून त्याच दिवशीं सकाळीं सहाला पोहोंचणार, असें तिकिटावर छापलेलें होतें. "अहो, अमेरिका काय दोन तासांवर आली?" असें तिच्या आईनें विचारलें. मीं जन्मभर भूगोल शिकविलेला. जगाचा नकाशा पसरून पट्टी लावली. विषुववृत्तावरील प्रमाण धरतां अंतर २२,००० किलोमीटर भरलें. विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर धरून मीं निकाल दिला, "चोवीस तास तरी लागतील."

त्याच रात्रीं आठच्या सुमारास टेलिफोन वाजला. माझ्या हिशेबानें विमान त्या वेळीं अटलांटिक महासागरावर होतें. कांहीं विपरीत घडलें असावें, या भयानें आम्हां दोघांपैकीं कोणाचाच हात पुढें होईना. अखेर मीं तो उचलला. पलीकडून शब्द आले, "बाबा, पोहोंचलें."

चूक कोठें झाली? वेळेचें उत्तर तिकिटावरच होतें. तिकिटावरील वेळ त्या त्या गांवची असते. हिवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या मागें साडेतेरा तास असतें. दिसणारे दोन तास आणि हे साडेतेरा मिळून प्रवास साडेपंधरा तासांचा.

अंतराची चूक याहून मोठी. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. पृथ्वीच्या गोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरा. तो पश्चिमेस जात नाहीं. जवळजवळ सरळ उत्तरेस निघतो आणि सायबेरिया, आर्क्टिक महासागर व अलास्का यांवरून खालीं उतरतो. पृथ्वीच्या मध्याशीं या दोन गांवांमधील कोन १११ अंशांहून किंचित् अधिक होतो. परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर, म्हणून एक अंश सुमारें १११ किलोमीटरांचा. गुणाकार केला कीं अंतर येतें सुमारें १२,४०० किलोमीटर. माझ्या पट्टीनें जवळजवळ दहा हजार किलोमीटर फुकट वाढविले होते!

तथापि जवळची वाट तीच लवकरची वाट, असेंही नव्हे. २०१६ च्या ऑक्टोबरांत एअर इंडियानें याच प्रवासासाठीं अटलांटिकची वाट सोडून पॅसिफिकची धरली. त्या विमानानें सुमारें १५,३०० किलोमीटर, म्हणजे जुन्या वाटेहून सुमारें १,४०० किलोमीटर अधिक तोडले. तरी तें जवळजवळ दोन तास आधीं पोहोंचलें. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा. पूर्वेस जाणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो, पश्चिमेस जाणाऱ्याला अडवितो. म्हणूनच एकाच वाटेनें जाण्यायेण्यास लागणारा वेळ बहुधा सारखा नसतो.

वर्गांत पृथ्वीचा गोल टेबलावरच असे. पण पट्टी हातीं सोपी पडे, म्हणून तीस वर्षें मीं मुलांकडून नकाशावर पट्टीनेंच अंतरें मोजविलीं. त्यांपैकीं कोणी आज ऐकत असेल, तर त्यानें आपल्या मुलांना गोल आणि दोरा द्यावा. मास्तरांची चूक दुरुस्त केल्याचें पुण्य त्याला लाभेल.