एक नळी, दोन कामे



कामगार संघटनेच्या माणसाने या व्यासपीठावरून बंदुकीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण बंदूक हेही हत्यारच. आणि हत्यार कोणत्या कामाचे, ते कोणाच्या हाती आणि त्याचा मार कोणावर, हे तीन प्रश्न आम्ही कामगार मंडळी रोजच विचारीत असतो.

पेडगावसारख्या गावच्या शिवारात रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करतात. तेव्हा बोलता बोलता प्रश्न निघतो : डुकरासाठी आटे पाडलेल्या नळीची बंदूक असली, तर तिच्यातच छर्रे भरून माळावरचे तितर, लावे का मारू नयेत? एका पैशात दोन कामे!

आधी हत्यार पाहू. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. बारा बोअर म्हणजे, तिच्या नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी एका पौंडात बारा चढतात. या नळीतून छर्ऱ्यांचा झुबका निघतो आणि पुढे पसरत जातो. भुर्रकन उठलेल्या तितराला तोच गाठतो. आटे पाडलेल्या नळीचे काम वेगळे. आटे एकट्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. त्याच नळीत छर्रे भरले, की सगळा झुबकाच फिरू लागतो आणि तोंडाबाहेर पडताच छर्रे चहूकडे फेकले जातात. कड्यासारखी रांग उठते, मधोमध पोकळी राहते. नेम धरलेला पक्षी पोकळीतून सुटतो, किंवा कडेचा एखादा छर्रा लागून काटवनात शिरतो आणि तडफडून मरतो. पान्याने खिळा ठोकावा, तर पानाही जातो आणि खिळाही वाकतो, त्यातलाच हा प्रकार.

यावर साहेबांनी तोड काढली होती. हिंदुस्थानच्या फौजेत नोकरी केलेल्या कर्नल फॉस्बेरी यांनी नळीच्या फक्त तोंडाशी काही इंच आटे पाडण्याची युक्ती 1885 च्या सुमारास काढली आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ‘पॅराडॉक्स’ या नावाने ती बंदूक विकली. सकाळी तितर, दुपारी वाघ, नळी तीच. पण ती परवडे साहेबाला आणि संस्थानिकाला. 1878 च्या हत्यार कायद्याने येथल्या रयतेला साधी बंदूक बाळगायलाही परवाना लागे.

याच माळावर तितर धरणारा दुसरा एक कारागीर होता : फासेपारधी. त्याच्याजवळ बंदूक नाही. फास आणि माणसाळवलेला तितर एवढेच भांडवल. पाळीव तितर साद घाली, रानातला भांडायला धावे आणि फासात अडके. छर्रा वाया नाही, जखमी पाखरू नाही.

या कारागिरावर सरकारने कोणते हत्यार चालवले? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. चोर एखादा, आणि झुबका सोडला सगळ्या जमातीवर. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. तिथली माणसे गिरण्यांत राबत, आणि वर वसाहतीची हजेरीही देत. जन्म हाच गुन्हा! तो कायदा 1952 साली रद्द झाला. तरीही आज गावात चोरी झाली, की पहिले बोट पालाकडेच वळते.

पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आरंभी त्यात परवान्याने शिकारीची सोय होती. 1991 साली तीही काढून टाकली. तितर मारणे आज गुन्हा आहे, बंदुकीने असो वा फासाने. कायदा योग्यच आहे. तितर वाळवी आणि किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी मजूरच तो. पण या कायद्याने साहेबाची करमणूक गेली, आणि पारध्याची भाकरी गेली. ज्याची करमणूक गेली त्याच्याजवळ बंगला होता; ज्याची भाकरी गेली त्याच्याजवळ सातबारासुद्धा नव्हता. रोजगार काढून घेताना बदली रोजगार द्यावा लागतो, हे आम्ही गिरणीच्या दारात शिकलो. माळरानाला तोच न्याय लावायला नको काय?

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. डुकराने पीक खाल्ले, तर पंचनामा करून घ्या आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज एकेकट्याने न देता गावाने मिळून द्या. नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कायद्यात परवानगीची वाट आहे, तीच धरा. त्या निमित्ताने तितरावर नळी रोखू नका. आणि गावात चोरी झाली, तर चोर शोधा, जमात शोधू नका. पालावरच्या पोराचे नाव शाळेत घालताना जातीचा दाखला अडला, तर त्याच्याबरोबर तहसीलीत जा. एवढे या सभेतल्या दहा माणसांनी केले, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.