गॅस संपला, की गळला?

आज विषय जरा वेगळा आहे, गाडीच्या एसीचा. पण गटाच्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे.

आमच्या गटाने कर्ज काढून एक जुनी गाडी घेतली. लग्नसराईत भाडं मिळतं, आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी गावातच असते. पहिल्या उन्हाळ्यात एसी गार होईना. मिस्त्री म्हणाला, "गॅस संपलाय." आम्ही भरला. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. बैठकीत हिशोब लिहिताना आमच्या खजिनदार वहिनींनी विचारलं, "पेट्रोल जळतं म्हणून संपतं. हा गॅस जातो कुठं?" कुणालाच सांगता आलं नाही. तिसऱ्या वर्षी कॉम्प्रेसरच जाम झाला आणि कर्जाच्या दोन हप्त्यांएवढे पैसे त्यात गेले. तेव्हा मी वर्कशॉपमध्ये उभं राहून सगळं समजून घेतलं.

एसीचा गॅस जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे किंचित झिरपतो, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहेच. तिथं नुसता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता सायकलला रोज हवा भरणं. शिवाय कॉम्प्रेसरला लागणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झाला की तेल पोचत नाही आणि कॉम्प्रेसर बसतो.

गळतीची खूण आपल्यालाही दिसते. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसून चिकट काळा डाग पडतो. इंजिन बंद करून, गार झाल्यावर नळ्यांचे जोड, गॅस भरायचा व्हॉल्व्ह आणि पुढची जाळी बघा. सिलिंडरच्या नळीला लावतो तसं साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती सापडली. नाही आले तरी फार बारीक गळती असू शकते. ती मिस्त्री यंत्राने किंवा रंग घालून शोधतो. जोड मात्र स्वतः उघडू नका. तो गॅस हातावर उडाला तर कातडी गोठते.

मिस्त्रीला चार गोष्टी विचारा. गळती कुठं आहे? उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढणार का? दुरुस्तीनंतर पंपाने आतली हवा आणि ओल काढणार का? गॅस वजन करून भरणार का? किती ग्रॅम आणि कोणता, हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो. हवेत सोडला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो.

गळती बुजवणारं औषध स्वस्त वाटतं, पण ते आतल्या बारीक वाटा तुंबवू शकतं. आणि कुणी स्वयंपाकाचा गॅस भरतो म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. तो पेट घेतो. गाडीत आपली माणसं बसतात.

आमच्या गळतीचं मूळ निघालं एका जोडातली छोटी रबरी रिंग! कॉम्प्रेसरपुढे तिची किंमत काहीच नव्हती. आता हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं आम्ही एसी चालवतो, म्हणजे रबराला तेल मिळतं.

वहिनींचा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला असता, तर ते पैसे वाचले असते. म्हणून मैत्रिणींनो, "संपलं" असं कुणी सांगितलं, की "गेलं कुठं?" हे विचाराच.